मण्याची किंमत वेजात असते: बोहो माळेतल्या दगड-काचेची गोष्ट

मागच्या भागात गावांची आणि माणसांची नावं धडाधड येऊन गेली, ती लिहून द्या असे बरेच निरोप आले. म्हणून हा त्या भागाचा लिखित मसुदा. थोडी साफसफाई केली आहे, बोलण्याची भाषा मात्र तशीच ठेवली आहे.

विषय होता बोहो माळा. म्हणजे एकाच वेळी गळ्यात तीन-चार पदर, त्यात एखादा तांबडा अकीक, एखादा नीलमण्यासारखा दिसणारा निळा काचमणी, मध्येच पितळेचं पान. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास फिरलात तर या माळांचं सगळं कच्चं सामान किलोवर मिळतं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाली, शनिवार-रविवार मणी ओवते. ओवता ओवता प्रश्न पडला की दगड आणि काच एकाच दोऱ्यात आले कसे? उत्तर शोधायला लागले आणि प्रकरण साडेचार हजार वर्षं मागे गेलं.

आधी नावाचा घोळ संपवू. 'बोहो' हे 'बोहेमियन'चं लाडाचं रूप. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा प्रदेश. पण फॅशनवाला 'बोहेमियन' थेट तिथून आला नाही. १५ व्या शतकात रोमा लोकांच्या टोळ्या पश्चिम युरोपात पोचल्या, तेव्हा त्यांच्यातल्या काहींजवळ बोहेमियाचा राजा सिगिसमुंड याची संरक्षणपत्रं होती. फ्रेंचांनी त्यांना 'बोहेमियावाले' म्हणायला सुरुवात केली. पुढे १९ व्या शतकात पॅरिसमध्ये भाडं थकवून चित्रं काढणाऱ्या, कविता करणाऱ्या पोरांनाही तेच नाव चिकटलं. हेन्री म्युर्झे याने त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक १८५१ मध्ये आलं, त्यावरून पुच्चिनीचा ऑपेरा १८९६ मध्ये. मग हिप्पी, मग गोव्यातला अंजुण्याचा बुधवारचा बाजार, मग इन्स्टाग्राम.

गंमत अशी की ज्यांच्यावरून हे नाव पडलं ते रोमा मूळचे भारतातून गेलेले. त्यांचे आकडे बघा: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. आणि ज्या प्रदेशाचं नाव चुकून त्यांना मिळालं, तो खराखुरा बोहेमिया जगातल्या काचमण्यांचं मोठं आगर. म्हणजे नाव चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि तरी बरोबर घरी पोचलं. तिथे आपण येणारच आहोत.

आता मुद्द्याची गोष्ट. मणी म्हणजे काय? भोक असलेला तुकडा. भोक नसेल तर तो नुसता खडा. मराठीत मोत्याला, मण्याला पाडलेल्या या भोकाला 'वेज' असा छान शब्द आहे. दगडाचा मणी महाग का आणि काचेचा स्वस्त का, याचं मोठं उत्तर मला तरी या वेजात सापडलं.

अकीक हा दगड भयंकर कठीण. मोह्स मापावर साधारण ६.५ ते ७. लोखंडी सुरीचा त्यावर ओरखडा उठत नाही. मग लोखंड हाताशी नसताना हडप्पा काळातले कारागीर त्याला वेज पाडत कसे? सिंधमध्ये चान्हुदडो नावाचं ठिकाण आहे. १९३५-३६ मध्ये अर्नेस्ट मॅके यांनी तिथे खोदकाम केलं तेव्हा मणी घडवण्याचा कारखानाच हाती लागला: अर्धवट मणी, तुटके मणी, आणि दगडाच्या बारीक सळ्या. या सळ्या म्हणजेच ड्रिल. एका विशिष्ट खडकाला तापवून त्या बनवलेल्या असत. त्या दगडाला पुढे मॅके यांच्या नावावरून 'अर्नेस्टाइट' म्हणायला लागले. हे नाव दिलं जोनाथन मार्क केनॉयर या पुरातत्त्वज्ञाने, आणि त्याने हे ड्रिल वापरून प्रत्यक्ष वेज पाडूनही पाहिले. वेग किती आला? तासाला साधारण अडीच मिलिमीटर.

आता माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. कराचीजवळ अल्लाहदिनो इथे एका ठेव्यात तांबड्या अकीकाचे ३६ लांब मणी मिळाले, कंबरपट्ट्याचे. एक मणी सरासरी १० सेंटीमीटर धरा. १०० भागिले २.५, म्हणजे एका मण्याला ४० तास. गुणिले ३६, झाले १,४४० तास. रोज आठ तास काम, सुट्टी नाही, मणी फुटला नाही असं धरलं तरी १८० दिवस. हे फक्त वेज पाडण्याचे. दगड शोधणं, तापवणं, ठोकून आकार देणं, घासणं, झिलई हे सगळं वेगळं. आणि वेज दोन्ही टोकांकडून पाडत मध्यावर गाठायचा. चाळीस तासांचं काम एकोणचाळिसाव्या तासाला तडकलं तर कंट्रोल-झेड नाही.

म्हणून हे मणी राजेशाही होते. आजच्या इराकमध्ये उर इथे लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ खोदकाम केलं. तिथल्या राजघराण्याच्या थडग्यांत, राणी पुआबीच्या अंगावर, सोनं आणि लाजवर्द यांच्या जोडीला तांबड्या अकीकाच्या मण्यांचे पदरच्या पदर होते. मेसोपोटेमियाच्या लेखांत हा दगड 'मेलुहा' देशातून येतो असं म्हटलंय, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोरं असं बहुतेक अभ्यासक मानतात. लेयरिंग-लेयरिंग आपण आज म्हणतो, ते पुआबीच्या काळात झालेलं होतं. आपल्याकडेही चिंचपेटी, ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ अशी गळ्यापासून खाली उतरत जाणारी रचना आजीच्या लग्नाच्या फोटोत बघा. शब्दही आहे की, 'पदर'.

आता एक गोष्ट मला फार आवडते. ज्यांना हे लांब तांबडे मणी परवडत नव्हते, त्यांच्यासाठी हडप्पा काळातच मातीचे तसेच लांब मणी बनवून तांबडे रंगवलेले सापडतात. म्हणजे नक्कल मूळ वस्तूइतकीच जुनी.

हा दगड यायचा कुठून? मुख्यतः गुजरातमधून. भरूच जिल्ह्यातल्या झगडियाजवळ रतनपूरच्या परिसरात अकीकाच्या खाणी आहेत. पण मूळ शोधायचं तर सह्याद्रीकडे बघावं लागतं. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा पसरला. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि त्या पोकळ्यांत हळूहळू सिलिका साचून अकीक झाला. पुढे बेसॉल्ट झिजला, कठीण अकीक उरला आणि गाळात वाहून गेला. आपल्याकडे घाटात, नदीपात्रात ज्या गारगोट्या मिळतात, त्यांचं आणि पुआबीच्या माळेचं नातं हे असं जवळचं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं 'पेरिप्लस' हे ग्रीक भाषेतलं व्यापाऱ्याचं टिपण सांगतं की भरूचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि तिथून याच जातीचा दगड गाड्या भरभरून भरूच बंदरात येतो. तिथून रोम.

तोवर वेजाचं तंत्र बदललं होतं. आता ड्रिलच्या टोकाला हिऱ्याच्या बारीक कणी बसवायला लागले, आणि हिऱ्यांचा त्या काळचा मोठा स्रोत भारतच होता. काम कितीतरी पटींनी झटपट झालं. खंबायतमध्ये, म्हणजे गुजरातीतल्या खंभातमध्ये, ही पद्धत आजपर्यंत टिकली: ड्रिलला कमान लावायची, टोकाला हिऱ्याची कणी, वरून पाण्याची धार. आकार देण्याची रीतही बघण्यासारखी. जमिनीत लोखंडी सळई टोक वर करून रोवलेली, दगड तिच्या टोकाला टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टोला द्यायचा. ढलपी उडते ती सळईच्या बाजूने. दगडाचा तो तांबडा रंगही आपोआप येत नाही. मुळात तो मळकट पिवळा-करडा असतो. उन्हात वाळवून, मग मडक्यांत पुन्हा पुन्हा मंद आचेवर तापवला की त्यातलं लोह तांबडं होतं. दुकानात 'नॅचरल स्टोन' असं लेबल दिसलं की मला हे मडकं आठवतं.

आता काच. काचेने वेजाचा प्रश्नच उलटा करून टाकला. दगडात आधी मणी, मग भोक. काचेत आधी भोक! वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी करायची आणि तो ताणत न्यायचा. पोकळीही ताणली जाते, लांबलचक नळी तयार होते. ती नळी बारीक तुकड्यांत कापली की हजारो मणी, प्रत्येकात वेज फुकट. चाळीस तासांवरून खर्च जवळपास शून्यावर. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला हे काम मोठ्या प्रमाणावर चालायचं. पीटर फ्रान्सिस या अभ्यासकाने या मण्यांना 'इंडो-पॅसिफिक' नाव दिलं, कारण ते दक्षिण आफ्रिकेपासून कोरियापर्यंत सापडतात. आंध्रातल्या पापनायडूपेटमध्ये ही नळी ओढण्याची पद्धत अगदी अलीकडपर्यंत चालू होती. आपल्या मंगळसूत्रातली काळी पोत याच बारीक काचमण्यांच्या गोतावळ्यातली.

या मण्यांत एक नारिंगी-तांबडा, अपारदर्शक मणी असतो. अकीकाची आठवण करून देणारा. इंडोनेशियात तिमोर-फ्लोरेसकडे त्याला 'मुतिसालाह' म्हणतात. 'मुती' म्हणजे आपला मोतीच, 'सालाह' म्हणजे खोटा. नाव खोटा मोती, आणि घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या वारसा म्हणून जपलेला, लग्नाच्या देवाणघेवाणीत मोजला जाणारा. खोटं-खरं कोण ठरवतं, हा प्रश्न तिथल्या आज्यांनी कधीच निकालात काढला आहे.

आता खऱ्या बोहेमियात जाऊ. उत्तर बोहेमियात यिझेरा डोंगरांच्या पायथ्याशी याब्लोनेत्स नावाचं शहर आहे, जर्मनमध्ये गाब्लोन्त्स. भट्टीला लाकूड देणारी जंगलं, काचेला लागणारी गार आणि राख, वाहतं पाणी, सगळं हाताशी. शेजारच्या तुर्नोव्हमध्ये गार्नेट कापणारे पाथरवट होते, आणि १८ व्या शतकात तिथे काचेची नकली रत्नं घडवायला सुरुवात झाली. पुन्हा तेच, दगडामागून काच. याब्लोनेत्सच्या आसपास घराघरांत छोट्या भट्ट्या लागल्या. कारागीर काचेची कांडी तापवायचा, मऊ झालेलं टोक साच्याच्या चिमट्यात दाबायचा, आणि त्याच दाबात एक सुई आरपार जायची. आकार आणि वेज एका क्षणात. व्यापारी मग नमुन्यांची कार्डं घेऊन जगभर फिरायचे. कुठल्या देशात कुठला रंग खपतो, कुठला आकार जुना झाला, हे सगळं विचारून यायचे आणि तसा माल पाठवायचे. आजच्या भाषेत युजर रिसर्च.

यातून जे घडलं त्याचा माझा आवडता नमुना सहारा वाळवंटात आहे. तिथल्या तुआरेग बायका 'तालहाकीम' नावाचं लोलक घालतात. वर गोल कडी, खाली त्रिकोण. जुनी लोलकं खंबायतच्या तांबड्या अकीकाची, अरबी व्यापाऱ्यांकडून पोचलेली. मग जर्मनीतलं इडार-ओबरश्टाइन पुढे आलं. तिथे अकीक घासायची परंपरा जुनी, पण स्थानिक दगड संपत आलेला. १८३० च्या दशकात ब्राझीलहून भरपूर अकीक यायला लागला. तो करडा, म्हणून त्याला लोहाच्या द्रावात मुरवून तापवायचे आणि खंबायतसारखा तांबडा करायचे. कामगार लाकडी बाकावर पालथे पडून, पाणचक्कीवर फिरणाऱ्या प्रचंड दगडी चाकाला मणी टेकवायचे. आकार मात्र खंबायतचाच, कारण सहारातल्या गिऱ्हाइकाला तोच हवा होता. आणि मग याब्लोनेत्सवाल्यांनी तेच लोलक काचेत ओतलं. तांबडं तर केलंच, वर निळं आणि हिरवंही. पुढे प्लास्टिकचंही निघालं. गुजरात, जर्मनी, बोहेमिया, एकच डिझाइन, तीन मटेरियल, आणि गिऱ्हाईक वाळवंटात तेच. इतकी कडक बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी मी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलेली नाही.

बोहेमियाचा माल आपल्याकडेही धो धो येत होता, मुख्यतः बांगड्या, मणीसुद्धा. स्वदेशीच्या चळवळीत परदेशी काचेच्या बांगड्या फोडा-टाकाची भाषा होती ती याच मालाबद्दल. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडातून, टिळकांच्या पाठिंब्याने, १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला, त्यामागे हे कारण होतं. लोकल थांबते त्या तळेगावचा बोहेमियाशी हा धागा आहे, हे मला हा भाग तयार करेपर्यंत माहीत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ मध्ये, चेकोस्लोव्हाकियातून जर्मनभाषकांची हकालपट्टी झाली. याब्लोनेत्सचे बहुसंख्य कारागीर जर्मनभाषकच. त्यातले बरेच बव्हेरियात काउफबॉयरेन शहराजवळ, स्फोटकांच्या उद्ध्वस्त कारखान्याच्या जागेवर जमले आणि तिथे नवं गाव वसवलं. नाव ठेवलं नॉयगाब्लोन्त्स, नवं गाब्लोन्त्स. पहिलं काम काय केलं? मणी, दागिने.

थोडं प्रत्यक्ष ओवण्याबद्दल, कारण त्यावर सगळ्यात जास्त प्रश्न आले. तीन पदरांना मी १६, २० आणि २६ इंच घेते. फरक चार इंचांपेक्षा कमी ठेवला तर पदर एकमेकांत अडकतात. वरच्या पदरात हलके काचमणी, दगड खाली, म्हणजे वजनाने माळ सरळ लोंबते. अकीक काचेपेक्षा कठीण, त्यामुळे दोन्ही शेजारी-शेजारी ओवले तर काही महिन्यांत काचेवर ओरखडे येतात. मध्ये गाठ मारा, नाहीतर पितळेचा बारीक मणी घाला. पटवेकरी रेशमात गाठ मारून दागिने गाठवतात, त्यामागचा एक हेतू हाच. आणि दगडाच्या वेजाची कड धारदार असते, ती साधा दोरा कापते. ओवण्याआधी प्रत्येक मण्यात उजेडाकडे धरून बघा. दोन्ही बाजूंनी पाडलेला वेज मध्यावर किंचित चुकलेला दिसतो, छोटी पायरी असते. दाबलेल्या काचमण्यावर साच्याची शिवण सापडते, तर ओढलेल्या काचेतले बुडबुडे वेजाच्या दिशेने लांबट झालेले असतात. एकदा हे दिसायला लागलं की बरणीतले 'नॅचरल' किती आणि काचेचे किती, हे दुकानदारापेक्षा तुम्हाला आधी कळतं.

आता जे सांगताना भागात माझा आवाज जरा बदलला होता ते. खंबायतमध्ये वेज पाण्याखाली पडतो. घासकाम मात्र विजेवर फिरणाऱ्या एमरीच्या चाकांवर, आणि बहुतेक कोरडं. अकीक म्हणजे जवळपास निव्वळ सिलिका. त्याची धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो. फुप्फुस हळूहळू कडक होत जातं, धाप लागते, आणि झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. लक्षणं टीबीसारखी, त्यामुळे वर्षानुवर्षं टीबीचेच उपचार चालतात. त्यात सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त. चाक घरातच, ओसरीवर, म्हणून घासणाऱ्याबरोबर त्याची बायको, पोरं, शेजारीही तीच हवा घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या कामगारांचा अभ्यास केला, चाकाजवळच धूळ ओढून घेणारी यंत्रणाही बसवून पाहिली. म्हणजे उपाय माहीत आहे.

अडतं कुठे? सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार आहे, १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात तो होता. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातही तो होता. पण ओसरी म्हणजे कारखाना नव्हे. घासणारा नगावर पैसे घेतो, माल देणारा व्यापारी स्वतःला मालक म्हणवत नाही, हजेरीपट नाही, पगाराची चिठ्ठी नाही. मालकच नसेल तर भरपाई मागायची कुणाकडे?

मी बोहरी आळीत आता एवढंच विचारते, "दादा, हा अकीक घासला कुठे?" अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. एकाने पुठ्ठ्याचा खोका उलटा करून दाखवला, त्यावर वजन आणि रंग लिहिलेला होता.